रिकाम्या लॉरीची पूजा

मी लॉऱ्या बनवतो. बोटभर लांबीच्या, खेळातल्या रेल्वेच्या गावात उभ्या करायच्या. ऐकणारे आधी हसतात, मग "नातवंडांसाठी का?" असं विचारतात. मला नातवंडं नाहीत, आणि असती तरी हात लावू दिला नसता.

पुण्याच्या एका हौशी मंडळाने रेल्वेचा मोठा देखावा रचायला घेतला होता. त्यात आमच्या कावेरीकाठचं एक फाटक आणि फाटकाशी खोळंबलेली भाताच्या पोत्यांची लॉरी. ती माझ्याकडून हवी होती. मंडळातले लोक फोनवर माझं मराठी ऐकून "किती जुनं, किती गोड!" म्हणायचे. माळ्यावरून काढलेल्या तांब्याच्या भांड्याचं करावं तसं कौतुक. आम्ही अजून वापरात आहोत हे त्यांना पटत नसावं. लॉरीच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे मात्र फोटो मागवून मोजायचे.

मी केली ती आमच्या वडिलांची, अप्पांची लॉरी. म्हणजे अप्पा चालवायचे ती, मालक वेगळाच. आमच्या कुंभकोणातल्या मराठी घरांत हे बोलायची पद्धत नाही. इथे ज्याला विचारावं त्याचा पूर्वज तंजावरच्या दरबारात मंत्री. सगळेच मंत्री होते तर राजाचं पाणी कोण भरत होतं, देव जाणे. अप्पा जन्मभर स्टिअरिंग धरून बसले, आणि अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, लग्नात मात्र त्यांचा "ट्रान्सपोर्टचा व्यवसाय" झाला. सासरी तिने तेच आजवर निभावलं.

लॉरी तयार झाली. टिश्यू पेपरची ताडपत्री, शिवणाच्या दोऱ्याचे दोर, विटेच्या भुकटीची धूळ, मागे दृष्ट लागू नये म्हणून जीभ काढलेला राक्षस. खोक्यात घालणार तोच अक्का आली, हातात चंदनाची वाटी आणि लिंबू. सोबत मेलकावेरी भागात राहणारा चुलतभाऊ, घराण्याच्या अब्रूचा बिनपगारी पहारेकरी.

"नवी वंडी पूजा न करतां धाडतोस?" अक्का म्हणाली.

आमच्याकडे नवी गाडी चाकांखाली लिंबं चिरडल्याशिवाय रस्त्यावर येत नाही. इथे लिंबूच लॉरीहून उंच. आता कशी करते बघू, म्हणून मी गंमत पाहत बसलो. अक्काने लिंबू चिरलं, बिया काढल्या आणि एकेका चाकापुढे एकेक ठेवली. सुईच्या टोकाने चंदन लावलं. मग थबकली.

"लिंबावरून नेणार कोण? आंत कोण्ही नाही. रिकाम्या वंडीची पूजा होत नाही."

पाटे मोजणाऱ्या पुण्यालाही हे सुचलं नव्हतं. माझ्या डबीत नखाएवढी माणसं होती. एक उचलला, तोच भाऊ म्हणाला, "डिरैवर कशास? काकांस मालक म्हणून बाजूस उभे कर. अंगावर उपरणें दाखव. पुण्याचे लोक पाहणार!"

"आणि खऱ्या मालकाला कुठे उभें करूं?" मी विचारलं.

तो अक्काकडे वळला. अप्पा कोण होते हे आता तिच्या तोंडून ठरणार होतं, आणि ती काय म्हणेल याची त्याला खात्री होती. मलाही होती.

अक्का लॉरीकडेच बघत होती. "सासरचे मज कारेंत तिरुक्करुगावूरास देवीच्या दर्शनास नेत होते. पापनाशमचें रेल्वेगेट पडलेलें. अप्पांची लारी शेजारीं येऊन उभी राहिली. खाकी सदरा. त्यांनी मज पाहिलें. मीं तोंड फिरविलें."

भावाने घसा खाकरला.

"गेट उघडेतोंवर तेहि समोरच पाहत बसले. माझी लाज राखली त्यांनी. बसव त्यांस आंत. आणि खिडकीची कांच काढ."

मी चिमट्याने काच काढली. माणसाला खाकी रंग दिला, पाय कापून जागेवर चिकटवला. या मापात चालकाला पाय ठेवता येत नाहीत. भाऊ उपरण्याबद्दल पुन्हा बोलला नाही, ही घराण्याच्या इतिहासातली मोठीच घटना. मला रडू आलं, ते मी थिनरच्या वासावर ढकललं.

त्या माणसाला नाक नव्हतं, डोळे नव्हते. अक्काने टेबलाला गाल टेकला, उघड्या खिडकीतून आत पाहिलं आणि आम्हा दोघांसमोर मोठ्याने हाक मारली, "अप्पा!"