कालिंदीचं राहिलेलं नाव

कालिंदीच्या नवऱ्याला उखाणा कधी जमला नाही. लग्न लागून औरंगपुऱ्यातल्या घरी आले, तर आत्या, मावश्या, शेजारणी सगळ्या उंबऱ्यात आडव्या. नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही म्हणाल्या. कालिंदीनं झटक्यात घेतलं. श्रीनिवासचे मात्र कान लाल झाले आणि उंबरा ओलांडायचं सोडून माणूस आपल्या चपला शोधायला लागला. शेवटी आत्यालाच दया आली आणि तिनं वाट सोडली. तेव्हापासून नवऱ्याकडं आपलं एक नाव राहिलंय, हे कालिंदीनं त्याला विसरू दिलं नाही. भाजीत मीठ जास्त झालंय असं तो म्हणाला, की ही म्हणायची, आधी राहिलेलं नाव घ्या, मग मिठाचं बघू. तो हसायचा आणि घेईन कधीतरी म्हणायचा.

श्रीनिवास चिकलठाण्याला, पंपाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात कंप्युटर सांभाळायचा. ते दिवसच तसे होते. वाळूजकडं रोज नवी शेड उभी राहायची, कंपन्यांच्या बसगाड्या पहाटेपासून माणसं गोळा करत फिरायच्या. आणि विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न पेटला की तेच शहर चिडीचूप व्हायचं, गुलमंडीवर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. कारखान्यातला कंप्युटर कपाटाएवढा होता. त्याला स्वतंत्र थंड खोली होती, आणि त्या खोलीत श्रीनिवास स्वेटर घालून बसायचा. भर उन्हाळ्यात डब्याबरोबर स्वेटर नेणारा आख्ख्या आळीत तो एकटाच. कालिंदी बीएस्सी झालेली. रविवारी कारखाना बंद असताना डबा घेऊन जायची आणि बसल्या बसल्या त्याच्याकडून थोडं थोडं शिकायची.

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या मशीनींची पूजा व्हायची आणि घरच्यांना बोलावणं असायचं. त्या वर्षीही ती गेली होती. कंप्युटरला झेंडूचा हार, समोर नारळ. श्रीनिवासनं तिला हळूच खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, "अगं, याला जरा नाव विचार." कसं विचारायचं, असं ती म्हणेपर्यंत मॅनेजर वैजनाथराव पेढ्यांचं ताट घेऊन आत आले. झालं. श्रीनिवासचे कान पुन्हा लाल. राहू दे, नंतर, म्हणाला. ते नंतर काही आलं नाही. होळी झाली आणि त्याला कावीळ झाली, अंगावर काढली, आणि घाटी दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

वैजनाथराव भला माणूस. त्यांनी खटपट करून त्याची जागा कालिंदीला दिली. ती त्याच खुर्चीत, त्याचाच स्वेटर बाह्या दुमडून घालून बसायला लागली. घरात त्याचे कपडे होते, फोटो होता, पण तो तिथं नव्हता. इथं मात्र की-बोर्डवरची त्याच्या बोटांनी पुसट झालेली अक्षरं होती. सांगायला नको, पण ती तिथं नोकरीला जात नव्हती, त्याच्याकडं जात होती.

आणि नेमकं डिसेंबरात पुण्याच्या मुख्य कचेरीतून फर्मान आलं. सगळ्या कारखान्यांत मालाच्या हिशेबाचा नवा प्रोग्रॅम चालणार. संक्रांतीपर्यंत तो चालू झाला नाही, तर चिकलठाण्याचा कंप्युटर भंगारात, काम पुण्याला, आणि कालिंदीबाई पॅकिंग खात्यात. पॅकिंगला तिची ना नव्हती हो. पण ती खोली गेली असती तर श्रीनिवास दुसऱ्यांदा गेला असता. हे ती वैजनाथरावांना कुठल्या तोंडानं सांगणार?

प्रोग्रॅम आला तो टेपवर, आणि कच्चा. म्हणजे लिहिलेला मजकूर तेवढा आला, तो त्या त्या मशीनवर कंपाइल करायचा, मशीनला कळेल अशा रूपात उतरवायचा, मग तो चालणार. कंपाइल सुरू होण्याआधी तो प्रोग्रॅम मशीनला विचारतो, बाबा तू कोण, कोणत्या कंपनीचा, पोटात काय घेऊन बसलायस. मशीन सांगतं, आणि मग पुढचं काम त्याच्या मापानं बेतलं जातं. बाकीच्या कारखान्यांत हे सुरळीत झालं. इथं मात्र दर वेळी एकच उत्तर: मशीनची ओळख पटत नाही, तुम्हीच सांगा. कालिंदीनं कपाटावरच्या पितळी पट्टीवरचं नाव टाकून पाहिलं. तेही पटलं नाही. तिनं टेप पुन्हा चढवली, वायरी तपासल्या, जागा पुरत नसेल म्हणून जुन्या फाइली हलवल्या. आपल्याच हातून काहीतरी बिघडलं, त्यांच्या हातून हे कधी झालं नसतं, असं म्हणत ती स्वतःला दोष देत राहिली.

संक्रांत उजाडली. सकाळपासून गावात पोलीसच पोलीस होते. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय आज होणार, असं बसमधला प्रत्येक जण दबक्या आवाजात सांगत होता. कालिंदीनं खोलीत शिरल्या शिरल्या पुण्याला फोन लावून घेतला. तिकडं मुंजाबा होता. खुलताबादच्या डोंगरात मेंढरं राखणाऱ्या घरातला पोरगा, शिकून पुण्यात इंजिनिअर झालेला, पुणेरी बोलायचा आटोकाट प्रयत्न करणारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, प्रोग्रॅमला राहू द्या, मशीनला तुम्ही स्वतः नाव विचारा आणि ते काय म्हणतं ते मला जसंच्या तसं वाचून दाखवा. विचारायचं कसं, तेही त्यानं एकेक अक्षर सांगितलं.

आता बघा, आख्ख्या कारखान्यात एकच कंप्युटर. त्याला नाव विचारायची वेळ कुणावर कशाला येतेय? खंडेनवमीला ती विचारणार होती तेवढीच.

तिनं टाइप केलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळी उमटल्या.

नाव विचारता मशीनला, मशीन म्हणे थांब जरा,
आधी नाव कालिंदीचं, मग सांगतो पत्ता खरा.

आणि त्याखाली मशीनचं नाव-गाव, जे प्रोग्रॅमला हवं होतं ते.

 मुंजाबा तिकडून विचारत होता, काय आलं, वाचा की. ती म्हणाली, ओळी आल्यात. कोणत्या ओळी? तिला वाचवेना. मग पदरानं डोळे पुसून तिनं उखाणा वाचून दाखवला. पहिल्यांदा वाचला तो परक्या माणसाला, तोही फोनवर. तिला लाज वाटली, रडू आलं, आणि खरं सांगायचं तर इतका आनंद झाला की त्याचं काय करावं ते कळेना.

मुंजाबाला घोळ तेवढ्यात कळला. कुणीतरी मशीनच्या उत्तराच्या वर या ओळी चिकटवल्यात, प्रोग्रॅम पहिली ओळ वाचतो आणि गडबडतो. एका मिनिटाचं काम आहे, वरचं पुसून टाका, म्हणाला.

"पुसायचं नाही," कालिंदी म्हणाली.

 पलीकडं मुंजाबाची पुणेरी गळून पडली. "वहिनी, कुणी लिवलंय ते?"

"ह्यांनी."

"मग ऱ्हाऊ द्या तसंच. मशीनला इचारायचंच नाय. पत्ता तुमी हातानं द्या." पितळी पट्टीवरचं नाव चालत नाही, प्रोग्रॅमला त्याच्या पद्धतीनं लिहिलेलं लागतं, असं म्हणून त्यानं उखाण्याखालच्या शब्दांवरून तो पत्ता तिला जुळवून दिला. वर बजावलंही, की असा नवा प्रोग्रॅम येईल तेव्हा दर वेळी हातानंच द्यावा लागेल. देईन, ती म्हणाली.

ओळख पटली. पडदाभर ओळी धावायला लागल्या आणि दुपारपर्यंत धावत राहिल्या. प्रोग्रॅम चालू झाल्याचं पाहून वैजनाथरावांनी स्वतः पुण्याला फोन केला, आणि खोली वाचली.

संध्याकाळी कँटीनमध्ये बायकांचं हळदीकुंकू होतं. कालिंदीला कुणी बोलावलं नाही. वाईट कुणीच नव्हतं, पण विधवेला कसं बोलवायचं म्हणून सगळ्या खाली बघून गेल्या. ती खोलीतच बसून राहिली. तिथं मनकर्णाबाई आली. कारखान्याची झाडलोट आणि चहा तिच्याकडं. आज तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता आणि चेहरा नुसता उजळला होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, माझी दोन्ही लेकरं विद्यापीठाच्या गेटावर हाइत, म्हणाली. मग कालिंदीचे डोळे बघून तिनं विचारलं, काय झालं. कालिंदीनं तिला पडद्यावरच्या ओळी वाचून दाखवल्या, राहिलेल्या नावाची सगळी गोष्ट सांगितली.

"मंग तुमी काय घेतलं उलट?"

कालिंदी म्हणाली, मी आता कुठं नाव घेऊ, मला कोण विचारतंय. मनातल्या मनात घेते.

मनकर्णाबाईनं पुडा टेबलावर ठेवला. "बाई, एका नावापायी आमच्या लोकांची घरं जळाली. लई सोसलं, पर नाव सोडलं नाय. आन तुमी दार लावून मनात घेता व्हय? मी इचारते. घ्या मोठ्यानं."

कालिंदी उठून उभी राहिली. डोक्यावरून पदर घेतला. कँटीनमधल्या बायकांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली,

"हातानं दिला पत्ता, पुसली नाही ओळ,
श्रीनिवासरावांचं नाव घेते, मिटला सगळा घोळ."

मनकर्णाबाईनं तिच्या तोंडात पेढा घातला. कँटीनमधला गलका थांबला होता. कालिंदी खुर्चीत बसली, स्वेटरच्या बाह्या सारख्या केल्या, आणि तिनं मशीनला पुन्हा एकदा नाव विचारलं.