बाटलीवरचं नाव
शेजारच्या घरातून लोणच्याच्या व्हिनेगरचा वास आला की मला उत्तनच्या त्या मावशी आठवतात. त्या कोलंबीचं लोणचं घालायच्या आणि पहिल्यांदाच ते बाटल्यांत भरून चर्चच्या जत्रेत विकणार होत्या. लेबलवर त्यांना आपल्या वारलेल्या आईचं नाव हवं होतं. लेबलं बनवून देणं हे माझं काम. मी पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या माझ्या घरी बसून ते नाव मोठ्या, ऐसपैस अक्षरांत काढलं आणि लॅपटॉपवर एका बाटलीच्या चित्रावर बसवून त्यांना दाखवलं. सोबत आणलेली रिकामी बाटली पुढे करत त्या म्हणाल्या, "हिच्यावर एकदा चिकटवून बघूया काय गं?" मी हसले. "मावशी, स्क्रीनवर दिसतंय ना, तसंच येणार." जत्रेत गेले तेव्हा कळलं, त्यांची बाटली माझ्या चित्रातल्या बाटलीपेक्षा बरीच बारीक होती. नाव गोल फिरून मागे गेलं होतं आणि समोरून मधली दोनच अक्षरं दिसत होती. "आंटी, ये क्या लिखा है?" एका गिऱ्हाइकाने विचारलं. मावशी बाटली हातात फिरवून आईचं नाव वाचून दाखवत होत्या, येईल त्या प्रत्येकाला. मला बघून त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या, "हिनंच केलंय. पोरीची चूक न्हाय, बाटलीच मी बारीक घेतली." आणि त्यांनी एक भरलेली बाटली माझ्या हातात ठेवली. मी ती घेतली, थँक्यू म्हटलं आणि गर्दीत शिरले. आता मी प्रत्येक लेबल आधी साध्या कागदावर छापून खऱ्या बाटलीवर गुंडाळून बघते. पण चूक माझी होती, हे मावशींना सांगायला मी अजून गेलेली नाही.