फ्लॉपीतला मथळा

“जबरदस्ती नाई. पायजे तं घ्या,” असं म्हणत भाऊ मिरची भज्यांचा पुडा टेबलावर ठेवायचे आणि त्यातलं सगळ्यात मोठं भजं स्वतःच आधी उचलायचे. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. आमच्या आदिलाबादच्या कचेरीत तो संगणकापाशी बसायचा.

ही नव्वदीतली गोष्ट. भाऊ जवळच्याच बेला गावचे, घरी कापसाची शेती. कचेरीच्या अहवालांसाठी त्यांनी स्वतःची एक छोटी प्रोग्रॅमिंगची भाषा रचली होती. तिच्यात ‘बोलाव’ असा हुकूम होता. ‘बोलाव गावं’ लिहिलं की गावांच्या नावांची वेगळी फाइल येऊन प्रोग्रॅममध्ये बसायची.

पण यंत्र या फायली आपल्या पोटातल्या एकाच कप्प्यात शोधायचं. जिल्ह्यातल्या उटनूरचे लोक फ्लॉपीवरून आपली ‘गावं’ तिथं उतरवायचे. मागून नारनूरचे त्याच नावाची आपली उतरवायचे, आणि उटनूरची पुसली जायची. एकदा उटनूरचे एक गृहस्थ जंगलातून बस बदलत आले आणि नारनूरचा अहवाल घेऊन घरी गेले.

म्हणून भाऊंनी भाषेला एक जोड दिली. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एक ओळ टाकली की ‘बोलाव’ आधी फ्लॉपीत पाहणार, मग कप्प्यात. ओळ टाकली नाही, तर सगळं पूर्वीसारखं.

“अन् कोणाला नको असंल तं?” मी विचारलं.

“ताई, मी कोणाच्या गळ्यात बांधून राह्यलो का?”

हैदराबादहून मोठे साहेब पाहणीला आले. भाऊंनी ऐटीत विहिरींचा अहवाल छापायला घेतला. त्यातही ती ओळ होतीच, आणि वरचं शीर्षक ‘बोलाव मथळा’ या हुकुमानं यायचं. पण यंत्रात भाऊंची घरची फ्लॉपी राहिली होती. पुतणीच्या लग्नाची निमंत्रणपत्रिका त्यांनी कचेरीच्याच यंत्रावर तयार केली होती, आणि तिच्याही मजकुराच्या फाइलीचं नाव होतं ‘मथळा’. कर्रर्र करत कागद बाहेर आला. वर ‘लग्नाला सहकुटुंब अगत्य यावे’, खाली उटनूरच्या विहिरी.

साहेबांनी कागद दोनदा वाचून घेतला. कुणीतरी अर्थ सांगितला. “कुओं की शादी है क्या?”

“जी साहब. आप भी तशरीफ लाइए,” भाऊ म्हणाले.

आम्ही तोंडात पदर कोंबले. साहेब मात्र हसले नाहीत. “ये चीज निकाल दो,” म्हणाले आणि गाडीत बसले.

भाऊंचा चेहरा उतरला. “हे काढलं तं उटनूरवाल्यायनं काऊन यावं इथं? दुसऱ्याची गावं न्यायला?” त्यानंतर कित्येक दिवस भजी आली नाहीत. भाऊ खाली मान घालून काम करत राहिले.

साहेब पुन्हा आले तेव्हा भाऊंनी मुद्दाम दोन ‘मथळा’ ठेवले, एक कप्प्यात, एक फ्लॉपीत. या वेळी यंत्र थांबलं आणि त्यानं विचारलं: दोन सापडले, कोणता घेऊ? साहेबांनी स्वतः कळ दाबली. विहिरींवर विहिरींचाच मथळा आला.

“रहने दो,” साहेब म्हणाले. दाराशी जाऊन वळले. “शादी हो गई?”

“हो गई साहब. आपका खाना बच गया.”

या वेळी साहेब हसले.

पुढं भाऊंची दूर बदली झाली आणि पुन्हा गाठ पडली नाही. निरोपाला मी बसस्टँडवर गेले होते. भाऊ बसच्या खिडकीशी बसले, तोच शेजारच्या बाईचं पोर त्यांच्या मांडीवर आलं, आणि त्यानं भाऊंचा चष्मा काढून स्वतःच्या नाकावर चढवला. बस निघाली. चष्म्याविना भाऊंना काही दिसेना. ते मोठ्या प्रेमानं हात हलवत होते, मला नव्हे, उसाच्या रसवाल्याला. रसवाल्यानंही हात हलवला. मी हाक मारली नाही.