न दाबलेलं बटण

फौजेत वायरलेसवर होते म्हणून गल्लीत त्यांचं नाव पडलं वायरलेसवाले. जगाचे निरोप पोचवले, पण स्वतःचा एक पोचवता येईना. घरी परतून एकवीस वर्षं झाली आणि अंग दुखलं नाही असा त्यात एक दिवस नाही. पण सांगतील तर शपथ! कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "ठीक आहे." बायको हेच ऐकत ऐकत गेली. मुलानं आपल्या परीनं अर्थ लावला, की बाबा धडधाकट आहेत, आमच्याकडे यायचा कंटाळा करतात. नात चार वर्षांची झाली, आजोबांनी तिला दोनदा पाहिलं असेल नसेल. गेल्या रविवारी मुलानं फोनवर सुनावलंच, "यायचं नसेल तर तसं सांगा. आम्हीही बोलवायचं सोडतो."

तेव्हा कुठे ते इस्पितळात आले. माजी सैनिकांच्या जुनाट दुखण्यावर तिथे मेंदूचे फोटो काढून अभ्यास चालला होता. मेंदूचा फोटो मुलाच्या पुढ्यात टाकायचा, म्हणजे तोंडानं काही बोलायला नको!

मशीनवरच्या बाईंनी त्यांना आडवं केलं, पायाला तापणारी पट्टी बांधली, हातात बटण दिलं. "काका, सहन होईना की दाबा. लगेच बंद करते."

मशीन ठाकठाक करू लागलं. पट्टी तापली, अजून तापली. पायातून मानेपर्यंत कळ गेली, डोळ्यांत पाणी आलं. अहो, दाबा की बटण! पण हा गृहस्थ दात आवळून निपचित. चौकीवर हूं की चूं करायचं नाही, ही सवय हाडीमाशी भिनलेली.

बाहेर आल्यावर बाईंनी बटण उलटंपालटं करून पाहिलं. "बिघडलं की काय? तुम्ही एकदाही दाबलं नाहीत."

डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. पट्टी गार असतानाही मेंदूत दुखण्याचे लाल ठिपके. "एका फोटोवरून आजार ठरत नाही, काका. आणि हा अभ्यासाचा आहे, घरी देता येणार नाही. पण एवढं दुखत होतं तर दाबलं का नाहीत?"

वायरलेसवाल्यांना बायको आठवली. ती रोज विचारायची, "काही होतंय का हो?" बाहेरच्या बाकावर बसून ते ढसाढसा रडले.

रविवारी फोन वाजला. "कसे आहात?"

"ठी..." त्यांनी जीभ आवरली. "दुखतंय रे."

"कधीपासून?"

"तू चौथीत होतास तेव्हापासून."

पलीकडून बराच वेळ काहीच आलं नाही. पण लाइन चालू होती. ते फोन कानाला धरून थांबून राहिले.