सुपामागचा फासा

किस्से दुसऱ्याच्या मूर्खपणाचे असले की सांगायले मजा येते. आमच्या घाटंजीच्या खेळातले मात्र साचत साचत सगळे माह्याच नावावर जमले!

बोंडअळीनं कापूस खाल्ला, ते वर्ष. वेचणी लवकरच आटोपली, दुपारी सगळ्या रिकाम्या. माह्या भाच्यानं पुण्याहून एक खेळ आणलता, तो आम्ही बाया दर बुधवारी खेळायचो. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं, अन् लढाई आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. राक्षसाचा आकडा मोठा पडला की पात्र जखमी, वीस पडले की थेट खल्लास! गोष्ट सांगायचं अन् राक्षस चालवायचं काम माह्याकडं आलं. "तुले तशीही बडबडच येते," शेजारच्या कुंदाताई म्हणाल्या.

*

पहिल्याच दिवशी मी लय कडक. किराणा दुकानवाली शोभा जादूगारीण झालती. विहिरीवर पाणी प्यायले वाकली, साप चावला, फासा वीस. शोभा खतम!

मी शिऱ्याची प्लेट पुढं केली. तिनं मागं सारली.

"आज नाही. मले सुतक हाय."

"कोणाचं वं?"

"माह्यंच!"

*

मी धसकाच घेतला. तेव्हापासून आरशाच्या कपाटाकडं पाठ करून बसायची, पुढं सूप उभं करायची अन् फासा सुपामागं टाकायची. अठरा पडले तरी "दोन!" म्हणायची. दरोडेखोराची तलवार तुटायची, वाघाले उचकी लागायची. एकदा ऐन हल्ल्यात ड्रॅगनचा पाय मुरगळला.

शोभा म्हणाली, "उडते ना तो?"

*

मग मी गुलाबी बोंडअळीच आणली, म्हशीएवढी! तिनं कुंदाताईंच्या तलवारवालीले धरलं, अन् माह्याच्यानं राहवलं नाही. अळीले झोप लागली म्हटलं.

कुंदाताईंच्या कापसाची सगळी पऱ्हाटी यंदा खऱ्या बोंडअळीनं खाल्लती. त्या म्हणाल्या, "आमच्या वावरात एकही झोपली नाही वं."

*

शेवटी शोभानं कपाटाच्या आरशात पाहून टिकली नीट केली अन् जाहीर केलं, "इथं कोणी मरतच नाही. पुढच्या बुधवारी असंच झालं तर मी येणार नाही."

झाली पंचाईत! कुंदाताईंनी तलवारवालीले आपल्या आईचं नाव ठेवलेलं. तिले मारलं तर कुंदाताई रडतात, नाही मारलं तर खेळ मोडते.

भाच्याले फोन लावला. तो म्हणे, "आत्या, राक्षस तरी इमानदार ठेव!"

"अरे, राक्षस मीच हाय ना!"

*

बुधवार. पुलावर तलवारवाली एकटी. समोर तीच अळी, या वेळी टक्क जागी. आता एक घाव बसला की संपली. मी फासा टाकला.

वीस!

शोभा माह्याकडं पाहून राह्यली.

"तीन," मी म्हणाली.

कुंदाताईंनी आपल्या पात्राचा कागद घडी घालून सुपावर ठेवला. "वीस पडले. मेली माही."

"तुमाले कसं कळलं?"

त्यांनी आरशाकडं बोट केलं. सुपामागचं सगळं त्यात दिसत होतं. फासा, माहे हात, सगळं चकाचक!

"कधीपासून दिसते हे?"

"सूप ठेवलं तेव्हापासून."

"मग इतके दिवस बोलल्या काहून नाही?"

कुंदाताईंनी पुढ्यातली शिऱ्याची प्लेट मागं सारली.

"किती जीव लावून खोटं बोलत होती तू. आमच्याच्यानं ते मारवलं नाही."