धाकट्याचा नेम

साठच्या दशकाच्या सुरुवातीला अप्पांची जयपूरला बदली झाली. माझा धाकटा भाऊ तेव्हा तीन वर्षांचा. हाताला लागेल ते गॅलरीतून खाली भिरकावायचा! वाटी, अप्पांचा दाढीचा ब्रश, माझी नवी चप्पलसुद्धा. खाली चौकात घरमालकीणबाई पापड वाळत घालायच्या आणि कार्ट्याला नेमकी तीच वेळ सापडायची. एकदा तांब्याच पापडांवर पडला. बाई जिन्यातून गरजल्या, "अब एक भी चीज़ गिरी तो कमरा खाली!"

झालं! परक्या गावात ही जागा मिळता मिळता नाकी नऊ आले होते.

"दोन रट्टे दे त्याला," अप्पा म्हणाले.

"मारलं तर रडेल फक्त," आई म्हणाली. "फेकायला आवडतं ना? फेकू दे. मी सांगेन तिथं."

तिनं चिंध्यांचे चेंडू शिवले, गॅलरीचं दार लावलं आणि खोलीत टोपली ठेवली. चेंडू टोपलीत पडला की टाळ्या, "शाब्बास रे माझ्या राजा!" बाहेर पडला की काही न बोलता पुन्हा हातात. माझा जळफळाट व्हायचा. मी वर्गात पहिली आले तरी एवढं कौतुक नाही!

संक्रांतीनंतर त्याचं बोरन्हाण केलं. आईचं धाडस बघा, घरमालकीणबाईंनाही बोलावलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने घालून स्वारी पाटावर बसली. डोक्यावरून चुरमुरे, बोरं ओतली आणि पोरं तुटून पडली. यानं मूठभर बोरं उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि नजर थेट बाईंवर!

"गेली जागा," अप्पा पुटपुटले.

बाईंनी घाबरून ओढणी पुढं धरली. सगळी बोरं ओढणीत! सवयीनं आईच्या तोंडून निघालंच, "शाब्बास!" तोही टाळ्या पिटायला लागला. बाई अशा हसल्या की बस. "फिर से फेंक, लल्ला!"

त्यानंतर रोज संध्याकाळी पापड स्वतःच गोळा करून त्या चौकात ओढणी पसरून उभ्या राहायच्या आणि हा वरून चेंडू फेकायचा. काय मजा यायची आम्हाला!

पुढं पुन्हा बदली झाली. टांगा भरला. बाई दारात आल्या आणि ओढणी पसरून उभ्या राहिल्या. भावानं शेवटचा चेंडू फेकला. बरोबर ओढणीत. टाळ्या आम्हीच वाजवल्या. बाईंचे दोन्ही हात ओढणीत अडकले होते, डोळे पुसायलाही मोकळे नव्हते.