दीड अंश

माझ्या भावाचा हात लवकर उठायचा. सावनेरजवळच्या आमच्या गावात लहानपणी ते कुणाला खटकलं नाही. पुढे दोघंही हिंगण्याच्या कारखान्यांत लागलो आणि दोन खोल्या घेऊन एकत्र राहू लागलो. मी सव्वीस वर्षांची होते, स्वतः कमावत होते, आणि तरी भाजी खारट झाली की पाठीत धपाटा बसायचा. दुखायचं, पण त्याहून जास्त लाज वाटायची. त्यामुळे ते मी कुणाला सांगत नव्हते.

सायकलीची हौस मात्र दोघांनाही सारखी. दर रविवारी सकाळी आम्ही एका बंद पडलेल्या गिट्टीखदानीत जायचो. तिथे एक उतार होता, मुरमाचा, जवळजवळ उभा, मधे काळ्या दगडाची टोकं वर आलेली. मी तो उतरायचे, भाऊ मात्र पडायचा. एकदा कोपर फुटलं, एकदा बरगडीला मार बसला. प्रत्येक वेळी तो उठून आधी सायकलीला लाथ घालायचा. धाकटी बहीण खाली पोचते आणि आपण तोंडावर आपटतो, हे त्याला सहन होत नव्हतं.

दोष खरं तर सायकलीचा होता. त्याची सायकल जुन्या घडणीची, तिचा पुढचं चाक धरणारा चिमटा फार उभा. अशा सायकलीचं पुढचं चाक स्वाराच्या जवळ असतं. तीव्र उतारावर चाक दगडाला अडलं की मागची बाजू उचलली जाते आणि माणूस हँडलवरून पलीकडे फेकला जातो. चिमटा थोडा तिरपा करता आला तर चाक पुढे सरकतं आणि सायकल उतारावर ठाम राहते.

त्यासाठी कपांची वेगळी जोडी मिळते, तिला हेडसेट म्हणतात. हँडलखालच्या नळीच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी दोन कप घट्ट बसवलेले असतात, त्यांतल्या बेअरिंगवर चिमट्याचा दांडा फिरतो. साध्या कपात भोक सरळ असतं. या खास कपांत ते तिरपं कापलेलं असतं, वरचं जरासं मागे, खालचं जरासं पुढे. त्यामुळे फ्रेम तीच राहते, पण दांडा दीड अंश कलतो. कप उलटे बसवले तर चिमटा तेवढाच आणखी उभा होतो, म्हणून पुढची बाजू दाखवणारी खूण कपावर असते.

भावाने तो हेडसेट मागवला आणि एका शनिवारी दुपारी अंगणात सायकल उलटी करून बसला. जुने कप निघेनात. नळीत लोखंडी पाइप घालून तो हातोडा घालत राहिला, शिव्या देत, घामाने भिजून. कप निघाले तेव्हा त्याच्या बोटांची सालं निघाली होती. नवे कप त्याने लाकडी ठोकळा ठेवून ठोकायला घेतले. कारखान्यात माझं काम मोजमापाचंच. सुटे भाग तपासायचे, कोन बघायचे. मी म्हटलं, "भाऊ, खूण कोणीकडे आहे ते एक डाव पाहून घे."

"तू मले शिकवून राहिली काय?" तो म्हणाला, आणि हातातला ठोकळा तसाच माझ्या कानशिलावर हाणला.

मी भिंतीला धरून खाली बसले. कानात शिट्टी वाजत होती. तो पुन्हा ठोकू लागला.

संध्याकाळी सायकल जोडून उभी होती. मला एका नजरेत दिसलं. पुढचं चाक बोटभर पुढे जायला हवं होतं, ते बोटभर मागे आलं होतं. मी आत गेले. पोळ्या केल्या, त्याला वाढलं, झोपले.

दुसऱ्या दिवशी उताराच्या माथ्यावर त्याने एक पाय टेकून खाली पाहिलं. "चाक पुढं गेल्यावानी वाटते, नाही वं?" त्याने विचारलं. आदल्या दिवसाचं त्याच्या मनातही नव्हतं.

मी म्हटलं, "हो."

तो सुटला. तीनचार सायकलींएवढं अंतर गेला असेल. चाक पहिल्याच दगडाला अडलं, सायकल मागून उभी झाली आणि तो हँडलवरून फेकला गेला. हेल्मेटने कवटी वाचवली. हनुवटी दगडावर आदळली. तो आवाज मला माथ्यावर ऐकू आला. मागून सायकल त्याच्या पाठीवर पडली.

मी घसरत खाली गेले. त्याच्या तोंडातून रक्ताची धार लागली होती आणि जबडा एका बाजूला लोंबत होता. त्याला काखेत धरून मी रस्त्यापर्यंत ओढत आणलं. पहिल्या पाळीची माणसं सोडून परतणारी एक कंपनीची बस थांबली. ड्रायव्हरने काही न विचारता बस धंतोलीतल्या हॉस्पिटलकडे वळवली.

जबडा दोन जागी मोडला होता, तीन दात गेले होते. ऑपरेशन करून डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधले. गावाहून आई आली. पोराला काहून असं झालं, एवढंच ती विचारत राहिली. मी म्हटलं, दगड होता.

मी त्याला सिरिंजने वरणाचं पाणी पाजायचे. बोलता येत नव्हतं म्हणून तो वहीत लिहायचा. पाचव्या दिवशी, आई औषधं आणायला गेली असताना, त्याने लिहिलं, "कप उलटे होते काय?" मी होकारार्थी मान हलवली. मग त्याने लिहिलं, "तुले दिसलं होतं?"

"दिसलं होतं," मी म्हटलं. "तू मारल्यावर. म्हणून नाही सांगितलं."

त्याने माझं मनगट पकडलं आणि पिरगाळलं. नखं आत रुतली. मी हात ओढला नाही. "मार," मी म्हटलं, "पण मग मी पुन्हा तुह्या घरात पाय ठेवणार नाही." त्याने हात सोडला. बांधलेल्या तोंडातून रडणं बाहेर येईना. नाकातून नुसता श्वास फुरफुरत राहिला.

त्या आठवड्यात मी एकटी अंगणात बसले आणि ते कप बाहेर काढले. पाइपवर पहिले दोनतीन घाव मी जपून घातले. नंतर हात थांबेना. लोखंड वाजत होतं, नळीचा रंग उडत होता, आणि मला ते आवडत होतं. हातोडा बाजूला ठेवला तेव्हा माझे दात एकमेकांवर घट्ट आवळलेले होते. भावाला इतकी वर्षं काय मिळत असेल ते मला तेव्हा कळलं, आणि मी माझ्याच हाताला भ्याले.

तेच कप सुलटे बसवताना मी ठोकले नाहीत. लांब बोल्ट आणि नट घेऊन पान्याने थोडे थोडे आवळत आत घेतले. दर फेऱ्याला खुणा मधल्या रेघेवर आहेत ना ते पाहिलं, शेवटी कोनमापक लावला.

तारा निघाल्या तोवर मी दुसरीकडे खोली घेतली होती. तो बोलू लागला, पण काही अक्षरं अजून नीट निघत नाहीत. मी त्याची माफी मागितली. त्याने माझी मागितली नाही. पण एका रविवारी त्याचा फोन आला, खदानीत जायचं काय म्हणून. तो उतार उतरला नाही. सायकल हाताने धरून कडेकडेने खाली चालत आला आणि मला विचारलं की उतरताना वजन कुठे ठेवायचं. मी त्याला दाखवलं.